हातभर अंतराची चाळीस वर्षे

घड्याळाने संगणकाशी बोलावे ही इच्छा ब्लूटूथहून जुनी आहे. ब्लूटूथ हे नाव कुणाच्या तोंडी येण्याच्या चौदा वर्षे आधी, १९८३मध्ये, जपानच्या सेइको कंपनीने ‘डेटा २०००’ नावाचे मनगटी घड्याळ काढले. नावातला आकडा त्याच्या स्मरणशक्तीचा : दोन हजार अक्षरे. सोबत एक छोटा कळफलक मिळे. घड्याळ त्यावर ठेवून टंकायला लागले की मध्ये कसलीही वायर नसताना, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने, अक्षरे घड्याळात उतरत. पुढच्या वर्षी त्याच घराण्यात ‘आरसी-१०००’ आले. त्याला मात्र चक्क केबल होती. तिचे एक टोक घड्याळात आणि दुसरे अ‍ॅपल टू, कमोडोर ६४ किंवा आयबीएम पीसी यांच्या सिरियल पोर्टमध्ये. स्मृती दोन किलोबाइट. जाहिरातीत त्याला ‘मनगटी टर्मिनल’ म्हटले होते, म्हणजे मनगटावर संगणकाचे एक टोक.

या दोन्ही घड्याळांत माहिती एकाच दिशेला वाहत होती. माणसाने मेजावर बसून लिहायचे आणि घड्याळाने ते बरोबर न्यायचे. घड्याळ म्हणजे खिशातल्या चिठ्ठीची सुधारलेली आवृत्ती. आज दिशा उलटी झाली आहे. घड्याळ आपल्या नाडीचे ठोके मोजते, झोप मोजते, पावले मोजते आणि ते दुसऱ्या कुणाला तरी कळवते. हा दुसरा कुणीतरी म्हणजे समोरच्या मेजावरचा आपला संगणक असेल, असे आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा तो नसतो. मनगट आणि मेज यांच्यात फार तर हातभर अंतर आहे. पण ठोक्यांची नोंद ते अंतर थेट ओलांडत नाही. ती फोनमध्ये जाते, फोनमधून कंपनीच्या सर्व्हरवर, आणि तिथून, कंपनीची मर्जी असेल तर, आपल्या संगणकाच्या पडद्यावर. दादरहून माटुंग्याला दिल्लीमार्गे जाण्यासारखेच हे. हे असे का झाले? रेडिओ अपुरा पडला म्हणून झाले, की दुसऱ्या कशामुळे? गेली काही वर्षे सवड मिळेल तसा मी याचा माग काढतो आहे.

या प्रवासातले सर्वांत लोभस घड्याळ म्हणजे १९९४चे ‘टाइमेक्स डेटालिंक’. मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ते तयार झाले होते. केबल नाही, रेडिओही नाही. संगणकाच्या काचेसमोर मनगट धरायचे एवढेच. पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा भराभर लुकलुकत आणि घड्याळाच्या तबकडीवर बसवलेला एक चिमुकला प्रकाश-डोळा त्या वाचत असे. सुमारे वीस सेकंदांत सत्तर दूरध्वनी क्रमांक भरून होत. त्या काळचे पडदे म्हणजे जड काचेच्या नळ्या. त्यांच्यात इलेक्ट्रॉनचा झोत वरपासून खालपर्यंत एकेक ओळ रंगवत जातो. डोळ्याला स्थिर वाटणारे चित्र प्रत्यक्षात क्षणाक्षणाला उजळत आणि विझत असते. डेटालिंकने हेच लुकलुकणे हेरले : ठरल्या जागी रेघ आहे की नाही, यावरून एक किंवा शून्य. संगणकात नवे यंत्र बसवायची गरजच नाही, कारण पडदा हाच दिवा आणि दिवा हाच प्रेषक. हे घड्याळ अंतराळवीरांच्या मनगटांवरही गेले.

पण सपाट द्रवस्फटिकाचे पडदे आले आणि लुकलुकणे संपले. लॅपटॉपवाल्यांसाठी कंपनीला वेगळे अ‍ॅडॅप्टर विकावे लागले. शिवाय एक मूळचीच उणीव होती : घड्याळाला डोळा होता, तोंड नव्हते. ‘मिळाले’ एवढेसुद्धा ते संगणकाला सांगू शकत नसे. ज्या जोडणीत पोच देता येत नाही तिला मी संभाषण म्हणणार नाही. ती घोषणा झाली.

संभाषणासाठी रेडिओ हवा होता आणि तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ नव्हते. स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत १९९४च्या सुमारास याप हार्टसेन हा डच अभियंता आणि त्याचा स्वीडिश सहकारी स्वेन मॅटिसन मोबाइल फोन आणि त्याच्या जोडउपकरणांमधली वायर काढून टाकण्याच्या खटपटीत होते. मे १९९८मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून एक गट स्थापन केला. नाव सुचवले इंटेलच्या जिम कार्डाकने. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाची गोष्ट त्याला मॅटिसनकडून कळली होती. भांडणाऱ्या टोळ्यांना एकत्र आणणारा राजा, म्हणून एकमेकांशी न बोलणाऱ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या रेडिओला त्याचे नाव. हे कामचलाऊ नाव होते. ऐन वेळी दुसरे नाव निश्चित होईना म्हणून हेच राहिले. खुणेसाठी त्या राजाच्या नावाची आद्याक्षरे असलेल्या दोन रूनी अक्षरांची गाठ मारली. आपल्या फोनवर दिसणारी ती टोकदार निळी खूण म्हणजे ही गाठ.

ब्लूटूथ चालते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हा पट्टा १९४७च्या अटलांटिक सिटी परिषदेपासून उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी राखलेला. मायक्रोवेव्ह भट्टी इथेच गुरगुरते. संदेशवहनाच्या दृष्टीने ही गावाबाहेरची उकिरड्याची जागा. १९८५मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, मायकेल मार्कस या अभियंत्याच्या पाठपुराव्यामुळे, या जागेत कमी शक्तीचे विशिष्ट प्रकारचे रेडिओ विनापरवाना वापरायला मोकळीक दिली. वाय-फाय आणि ब्लूटूथ या दोघांचेही घर त्या एका निर्णयावर उभे आहे. आपल्याकडे १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांच्या छायेत साधा रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन तो नूतन करून आणल्याची आठवण माझ्या पिढीतल्या अनेकांना असेल. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमधल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देणारे नियम भारतात जानेवारी २००५मध्ये निघाले. आज मनगटावर प्रक्षेपक बांधून फिरणाऱ्या माणसाला आपण बिनतारी केंद्र चालवतो आहोत याचे भानही नसते, याचे श्रेय या रूक्ष राजपत्राला द्यायला हवे.

उकिरड्यावर गोंगाट फार. त्यावर ब्लूटूथने शोधलेला उपाय म्हणजे एका जागी न थांबणे. पट्ट्याचे ७९ भाग पाडले आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी मारायची असे ठरवले. एका ठिकाणी गोंगाट लागला तर एक तुकडा वाया जाईल, पुढचा निभावेल. इथे हेडी लामार या हॉलिवूड अभिनेत्रीचे नाव हटकून घेतले जाते आणि ‘ब्लूटूथचा शोध एका नटीने लावला’ असे संदेश दर महिला दिनी फिरतात. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलने पाणतीराला दिशा देणाऱ्या रेडिओसाठी वारंवारता बदलत राहण्याची युक्ती सुचवली आणि ऑगस्ट १९४२मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले, हे खरे. त्या आराखड्यात ८८ वारंवारता होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, आणि दोन्ही टोकांना स्वयंचलित पियानोसारख्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळ्या एकाच वेगाने फिरायच्या. अमेरिकी नौदलाने त्या युद्धात ती वापरली नाही. उड्या मारण्याची कल्पना त्या आधीही अनेकांनी मांडलेली होती. लामारच्या बुद्धीला दाद जरूर द्यावी. पण तिच्या पेटंटपासून लुंडच्या प्रयोगशाळेपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. अशी रेघ ओढली की मधल्या शेकडो अनामिकांचे श्रम पुसले जातात.

कागदाच्या गुंडाळीऐवजी ब्लूटूथमध्ये काय आहे? घड्याळ! प्रत्येक ब्लूटूथ उपकरणात सेकंदाला ३२०० टिकटिक करणारा एक गणक असतो. जोडणी झाली की एक उपकरण म्होरक्या होते आणि बाकीची आपली घड्याळे त्याच्या घड्याळाशी जुळवून घेतात. आता कोणत्या भागावर उडी मारायची हे म्होरक्याचा पत्ता आणि म्होरक्याची वेळ यांच्या गणितावरून निघते, त्यामुळे दोघेही न विचारता एकाच जागी उतरतात. हा गणक २८ बिटांचा आहे. तो भरून पुन्हा शून्यावर यायला किती वेळ लागतो, याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला : २३ तास १८ मिनिटे. दिवसाला थोडा कमी पडणारा दिवस. मंगलाष्टके सुरू व्हायच्या आधी घटिकापात्र बुडण्याकडे डोळे लावून बसलेले दोन्हीकडचे वऱ्हाडी आणि एका गणकावर नजर ठेवून उड्या मारणारी दोन यंत्रे यांच्यात मला काही फार फरक दिसत नाही.

मग घड्याळात ब्लूटूथ लगेच का बसले नाही? प्रयत्न झाले. आयबीएमच्या संशोधकांनी २०००मध्ये लिनक्सवर चालणारे मनगटी घड्याळ दाखवले आणि २००१मध्ये सिटिझन कंपनीबरोबर ‘वॉचपॅड’ केले. त्यात ब्लूटूथ होते, बोटाचा ठसा ओळखायची सोयही होती. (याच सिटिझनच्या सहकार्याने १९६१मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला होता. आपल्या वडिलांच्या ‘जनता’चे आणि या लिनक्स घड्याळाचे असे दूरचे नाते लागते.) वॉचपॅड दुकानात कधी आले नाही. २००६मध्ये सोनी एरिक्सन आणि फॉसिल यांनी काट्यांच्या घड्याळात ब्लूटूथ बसवले. फोन आला की ते मनगटाला कंपन देऊन कळवी. चांगले होते, पण दर काही दिवसांनी चार्ज करावे लागे, आणि सेल वर्षभर टिकणे ही घड्याळाकडून असलेली आपली जुनी, रास्त अपेक्षा. आवाजासाठी घडवलेला रेडिओ अखंड बोलता राहण्याच्या बेताने बनवलेला. घड्याळाला सांगायचे असते थोडेच, आणि तेही कधीमधी.

हे नेमके ओळखले नोकियाने. फिनलंडमधल्या त्यांच्या संशोधकांनी २००१पासून कमी विजेच्या रेडिओवर काम केले आणि ऑक्टोबर २००६मध्ये ते ‘वायब्री’ या नावाने जाहीर केले. वर्षभरातच, जून २००७मध्ये, वायब्री ब्लूटूथच्या गटात विलीन झाले आणि २०१०च्या ब्लूटूथ ४.० आवृत्तीत ‘लो एनर्जी’ म्हणून अवतरले. नाव एक असले तरी जुन्या ब्लूटूथहून हा रेडिओ बराच वेगळा आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच, कारण इथे यंत्राला गप्प बसायला शिकवले.

ते असे. पट्ट्याचे आता ७९ऐवजी ४० भाग केले. त्यांपैकी तीन दवंडीसाठी राखून ठेवले आणि ते अशा जागी निवडले की वाय-फायचे नेहमीचे तीन रस्ते चुकवता यावेत. घड्याळ या तीन ठिकाणी अधूनमधून दवंडी पिटते, ‘मी अमुक, माझ्याकडे तमुक आहे’, आणि क्षणभर कान देऊन झोपी जाते. संगणक किंवा फोन ऐकत असतो. त्याला हवे असेल तर तो लगेच जोडणीची मागणी करतो. मागणीतच पुढच्या भेटींचे वेळापत्रक येते : दर किती वेळाने भेटायचे. त्या आवृत्तीत हा काळ साडेसात मिलिसेकंदांपासून चार सेकंदांपर्यंत काहीही ठरवता येई. वर, सांगण्यासारखे काही नसेल तर काही भेटी चुकवायची सवलत घड्याळाला असते, मोठ्याला नसते. उरलेला सगळा वेळ घड्याळाचा रेडिओ बंद. त्यामुळे नाण्याएवढ्या सेलवर छातीचा पट्टा महिनोन्‌महिने ठोके कळवू शकतो.

जोडणी करताना दोन्ही पडद्यांवर उमटणाऱ्या सहा आकड्यांविषयी एक गैरसमज आहे, तोही इथेच दूर करतो. तो आकडा म्हणजे पासवर्ड असे आपल्याला वाटते. सुरुवातीच्या ब्लूटूथमध्ये ‘००००’ किंवा ‘१२३४’ असा खरोखरच पासवर्ड असे आणि त्याची सुरक्षा त्याच लायकीची होती. २०१४च्या ४.२ आवृत्तीपासून लो एनर्जीतही दोन्ही उपकरणे आधी गणिती पद्धतीने एक समाईक गुपित तयार करतात. ते गुपित हवेतून कधीच जात नाही. सहा आकडे त्यानंतर येतात, आणि ते रस्त्यावर ओरडून सांगितले तरी बिघडत नाही. त्यांचे काम एवढेच : मध्ये कुणी तिसरा शिरून दोघांशी वेगवेगळे बोलत असेल तर दोन पडद्यांवरचे आकडे जुळणार नाहीत. ते योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणून ‘हो’ दाबण्याआधी दोन्हीकडे नजर टाकावी. बहुतेक जण टाकत नाहीत.

रेडिओ इतका काटकसरी आणि इतका सुरक्षित झाल्यावर आता मुख्य प्रश्नाकडे येतो. घड्याळाने संगणकाशी थेट बोलायला अडचण कोणती? तत्त्वतः कोणतीही नाही. लो एनर्जीची रचना एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयासारखी आहे. प्रत्येक उपकरणात सेवांची एक यादी असते आणि प्रत्येक सेवेला ठरलेला क्रमांक. हृदयगतीच्या सेवेचा क्रमांक १८०डी, तिच्यातल्या प्रत्यक्ष मोजणीचा २ए३७. ही क्रमांकयादी कुणालाही वाचायला खुली आहे. छातीला बांधायचे कित्येक पट्टे ती तंतोतंत पाळतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दहा-पंधरा ओळींच्या प्रोग्रॅमने मी अशा पट्ट्याचे ठोके थेट उतरवून घेतले आहेत, मध्ये फोन नाही, इंटरनेट नाही, खाते नाही. काही खेळाडूंच्या घड्याळांतही ‘ठोके प्रसारित करा’ असा पर्याय असतो. तो चालू केला की घड्याळ त्याच क्रमांकाने बोलू लागते.

बाकीची बोलत नाहीत, आणि त्यामागे एक प्रामाणिक कारण आहे, एक तितकेसे नाही. प्रामाणिक कारण असे की ऑक्टोबर २०११मध्ये आयफोन ४एस ब्लूटूथ ४.० घेऊन आला, त्या वेळी बहुसंख्य मेजावरच्या संगणकांत ब्लूटूथच नव्हते. विंडोजमध्ये लो एनर्जीची सोय २०१२च्या विंडोज ८पासून झाली. फोन चोवीस तास अंगावर, कायम जागा, कायम जाळ्यात. संगणक घरी, तोही बंद. घड्याळाने सोबती म्हणून फोन निवडला हे स्वाभाविकच होते. २०१२मध्ये ‘पेबल’ घड्याळासाठी किकस्टार्टरवर लोकांनी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली, ती फोनच्या सोबत्यासाठी. २०१५चे अ‍ॅपल वॉच तर आयफोनशिवाय सुरूच होत नसे. त्याच कंपनीचा संगणक त्याला चालत नसे.

दुसरे कारण व्यवहाराचे. फोनमधले अ‍ॅप म्हणजे कंपनीचा घरातला माणूस. घड्याळ त्याच्याशी खासगी क्रमांकांच्या सेवांमधून, खासगी बोलीत बोलते. काही मनगटपट्ट्यांची जोडणीची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर खाते उघडल्याशिवाय मिळतच नाही. म्हणजे रेडिओ हातभर अंतरावर बोलतो आहे, पण दाराची किल्ली परदेशी आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरांनी झोपेतल्या नाडीची मागच्या सहा महिन्यांची नोंद मागितली. नोंद होती. ती माझ्याच मनगटावर मोजली गेली होती. पण पट्टा बनवणाऱ्या कंपनीने त्याचे जुने अ‍ॅप बंद केले होते आणि नव्यात तो पट्टा ओळखला जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, ‘‘राहू द्या, आपण नव्याने मोजू.’’ पट्टा आजही रोज दवंडी पिटतो. संगणकाच्या यादीत त्याचे नाव दिसते; यापलीकडे तो माझ्याशी बोलत नाही.

हे एकट्यादुकट्याचे गाऱ्हाणे नाही हे पेबलच्या कथेवरून कळते. डिसेंबर २०१६मध्ये पेबल कंपनी बंद पडली आणि तिची मालमत्ता फिटबिटने घेतली. जून २०१८मध्ये सर्व्हर बंद झाले. मनगटावरची घड्याळे धडधाकट होती. हवामान, नवे चेहरे, बोलून लिहिणे हे सारे मात्र सर्व्हरबरोबर जाणार होते. तेव्हा वापरणाऱ्यांनीच ‘रेबल’ नावाने पर्यायी सर्व्हर उभा केला. दुसरीकडे ‘गॅजेटब्रिज’ नावाचे मुक्त अ‍ॅप याच काळात वाढत गेले. ते अनेक कंपन्यांच्या घड्याळांची खासगी बोली शिकले आणि नोंदी इंटरनेटवर न पाठवता तुमच्याच फोनमध्ये ठेवते. तिथून ती फाइल संगणकावर घेणे सोपे. पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि जानेवारी २०२५मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा बहुतांश मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. मूळ संस्थापकाने त्या बळावर पुन्हा घड्याळे करायला घेतली. मेलेल्या घड्याळाला असा पुनर्जन्म मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

घड्याळ आणि संगणक यांच्यात आज जे थेट नाते उरले आहे ते निराळेच आहे : किल्ली आणि कुलुपाचे. २०१६पासून अ‍ॅपलचा संगणक मालकाचे घड्याळ जवळ आले की पासवर्डशिवाय उघडतो. ‘जवळ’ हे ओळखायला सिग्नलची ताकद पुरत नाही. चोर दोन टोकांना दोन यंत्रे ठेवून लांबच्या घड्याळाचा आवाज जवळ आणून ऐकवू शकतो. म्हणून संदेश जाऊन यायला लागलेला वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. चोराला आवाज मोठा करता येतो, प्रकाशाला घाई करायला लावता येत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये आलेल्या ब्लूटूथ ६.० आवृत्तीत अंतर मोजण्याची अशी सोय खुद्द ब्लूटूथमध्येच आली आहे.

आणि डेटालिंक? काचेच्या नळीचे पडदे भंगारात गेले, तरी ती घड्याळे भरता येतात. पडद्यावरच्या रेघांची भाषा हौशी लोकांनी कधीच उलगडून ठेवली आहे. एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर आणि एक एलईडी यांच्या लुकलुकण्याला घड्याळाचा डोळा काचेचा पडदाच समजतो आणि सत्तर नंबर उतरवून घेतो. त्यासाठी कुणाच्याही सर्व्हरवर खाते उघडावे लागत नाही.